पडद्यावरचं बोलणं कुणाचं?

आमच्या शेजारच्या इंदुमतीबाई काकडे ‘वडनेर वार्ता’ हे गावचं चॅनेल चालवतात. नळाला पाणी कधी येणार, कोण वारलं, सगळं त्यावरच कळतं. डिशवाल्यांनी अशी गावची चॅनेलं दाखवलीच पाहिजेत, असा नियम होता. त्याविरुद्ध डिश कंपनी सरकारला आणि बाईंना प्रतिवादी करून हायकोर्टात गेली. नियम रद्द झाला, की बाईंचं चॅनेल बंदच पडणार.

तारखांना जाऊन जाऊन बाईंचे पाय सुजले होते. त्या दिवशी कंपनीचे वकील दप्तरदार गरजले, “पडद्यावर दिसतं ते आमचं बोलणं! नको ते बोलायला लावणं म्हणजे घटनेनं दिलेल्या स्वातंत्र्यावर घाला!”

बाई बाकाला धरून उठल्या. “साहेब, मागं त्या अचकटविचकट मालिकेवरून कंपनीवर खटला झाला, तो अजून चालूच आहे. त्यात हेच वकील इथं म्हणाले, ‘पडद्यावरचं आमचं नव्हे, आम्ही नुसते हमाल.’ मालिकेच्या वेळी हमाल आणि आमच्या पाण्याच्या वेळी वक्ते? एक काय ते ठरवा म्हणावं, म्हणजे मी घरी जाऊन पाय पसरते.”

“बोला, वकीलसाहेब,” न्यायमूर्ती म्हणाले.

वक्ते म्हणावं तर तो खटला अंगावर, हमाल म्हणावं तर हा गेला. दप्तरदारांनी पुढची तारीख मागितली.

“आणखी तारीख?” बाई मटकन खाली बसल्या.

न्यायमूर्तींनी कंपनीचा अर्ज तिथंच फेटाळला.

संध्याकाळी वडनेरच्या पडद्यावर एवढीच पट्टी फिरत होती: उद्या नळाला पाणी नाही.