अकरावे पोळे

एका जंगलात, ऐनाच्या झाडाच्या ढोलीत, मधमाश्या राहत असत. त्यांची सात पोळी होती आणि दर दोन पोळ्यांच्या मध्ये वारा फिरायला एक बोळ. त्या वर्षी रान भरभरून फुलले आणि थोरल्या माशीला ते रिकामे बोळ बघवेनात. तिने दोन बोळांत दोन नवी पोळी बांधून घेतली. ढोली तापली. मधल्या पोळ्यातल्या अळ्या तळमळू लागल्या. त्यांना भरवणारी तरुण माशी धावत थोरलीकडे गेली. "मावशी, नवी पोळी तोडा! पोरं भाजताहेत!"

"मधानं भरलेलं पोळं कुणी तोडतं का, वेडे? दारात बसा आणि पंखांनी वारा घाला."

वीस जणी बसल्या. खरेच गारवा आला, अळ्या शांत झाल्या. "झालं ना काम? उगाच आरडाओरडा!" असे म्हणत थोरलीने लगेच दहावे पोळे बांधायला काढले. मुलांनो, बघा हं, जो वारा अळ्यांना वाचवायला घातला, त्याच वाऱ्याच्या भरवशावर हे नवे पोळे उभे राहिले! मग अकरावे. विसाच्या दोनशे झाल्या, तरी उकाडा हटेना. तरुण माशीच्या पंखांच्या कडा झिजल्या.

"मावशी, आम्ही थांबलो तर?"

"थांबायचं नाही."

"आणि दमलो तर?"

"तुमच्या वयात आम्ही कधी दमलो नाही!"

"तुमच्या वेळी सातच पोळी होती!"

एका दुपारी समोरच्या फांदीवर वेडा राघू येऊन बसला. हा पक्षी माश्याच खातो. दारातल्या माश्या जीव घेऊन आत पळाल्या. वारा थांबला, तो फक्त थोडा वेळ. पण अकरा पोळ्यांची धग एकदम उसळली, मेण मऊ पडले आणि मधाने जड झालेले अकरावे पोळे अळ्यांवर कोसळले. अर्ध्या अळ्या मधात बुडून मेल्या.

राघू उडून गेला. थोरली रडत म्हणाली, "त्या वाऱ्यानंच घात केला. आता वारा घालणंच बंद!"

"आत्ता बंद केलात तर उरलेल्याही मरतील," तरुण माशी कडाडली. "वारा हवाच, पण पोळी तोडून होईपर्यंत. मी तोडते. तुम्ही दारात बसा."

तिने दहाव्या पोळ्यात दात रोवले. थोरली दाराशी गेली आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तिने स्वतःचे पंख हलवले. थोड्याच वेळात तिला धाप लागली.

तात्पर्य : ढोली असो की पृथ्वी, हवा गार करण्याची युक्ती चूक निस्तरायला वेळ मिळावा म्हणून वापरावी, तीच चूक वाढवण्यासाठी नव्हे.