ओतशाळेतला आवाज

एका तरुण भिक्खुणीने भरसभेत एका ज्येष्ठ भिक्खूची चूक दाखवली, पण चूक तिचीच निघाली. तिने यापुढे सभेत तोंड उघडू नये, असे ते ज्येष्ठ म्हणू लागले. तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली.

कांपिल्य नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका ओताऱ्याच्या घरी जन्मला होता. वडिलांच्या मागे तरुण वयातच तो घरची छोटी ओतशाळा चालवू लागला. तिथे जुना नियम होता: धातूचा रस ओतताना धन्याखेरीज कोणी बोलायचे नाही. तिथेच काम करणारे त्याचे चुलते पिंगलकाका तो नियम कडकपणे पाळायला लावीत. एकदा ओला साचा फुटून एका कारागिराचे डोळे गेले. साच्यातून निघणारी वाफ इतरांना दिसली होती. बोलले कोणीच नाही. त्या दिवशी बोधिसत्त्वाने तो नियम मोडीत काढला. "ज्याला धोका दिसेल त्याने 'थांबा' म्हणावे. मग मीही थांबेन."

"मग धनी कोण? तू की भाता ओढणारा?" काकांनी टोमणा मारला.

"धनी मीच, काका. म्हणून तर नुकसानही माझेच."

पुढे राजाने त्याला नगरद्वाराची घंटा ओतायला सांगितली. एवढे मोठे काम त्या ओतशाळेत कधी आले नव्हते. राजाचा अमात्य स्वतः पाहायला आला. रसाने भरलेली मूस उचलली गेली, तोच साचे करणारी सुयामा ओरडली, "थांबा! वाफ!"

सगळे थांबले. बोधिसत्त्वाने वाकून पाहिले. वाफ नव्हती; साच्याच्या मातीतला भुसा धुमसत होता. तोवर रस थिजू लागला. अमात्य उठला. "बाई ओरडली की जिथला धनी थांबतो, तिथे राजाची घंटा होणार नाही," असे म्हणून त्याने काम दुसरीकडे दिले.

"हाकल हिला!" काका कडाडले. "आज सोडलीस तर उद्या राख उपसणारेही तुला शिकवतील."

सगळे कारागीर धन्याच्या तोंडाकडे पाहत होते. बोधिसत्त्वालाही राग आला होता. तो त्याने गिळला. "सुयामा, आज तू चुकलीस," तो सर्वांदेखत म्हणाला. "वाफ आणि धूर यांतला फरक कसा ओळखायचा ते मी तुला दाखवीन. पण पुन्हा शंका आली तर इतक्याच मोठ्याने ओरड."

"आणि पुन्हा चुकले तर, धनी?"

"रस पुन्हा तापवता येतो. गेलेले डोळे परत येत नाहीत."

काही दिवसांनी साध्या समया ओतायच्या होत्या. काकांचा मुलगा सोमिल जोडीदाराबरोबर मूस घेऊन निघाला. इतक्यात भाता ओढणारा कुंडक किंचाळला, "थांबा! तळ तडकलाय! मूस ठेवा, मागे व्हा!" कामाच्या वेळी त्याचा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. दोघांनी मूस ठेवून मागे उडी घेतली. तेवढ्यात तळ फुटला, आणि सोमिलचे पाय होते तिथे रस पसरला.

काका धावत आले. त्यांनी मुलाचे पाय चाचपून पाहिले. मग कुंडकाला विचारले, "तू कसा रे बोललास?"

"सुयामा चुकली, तरी तिला कोणी हाकलले नाही," कुंडक म्हणाला. "नाहीतर मी मुकाट्याने भाताच ओढत राहिलो असतो."



कथा संपवून शास्ता म्हणाले, "त्या जन्मीची सुयामा म्हणजे ही भिक्खुणी. पिंगलकाका म्हणजे हिला गप्प करू पाहणारे हे ज्येष्ठ. ओतशाळेचा धनी मी होतो. भित्र्यालाही बोलता यावे म्हणून आपला राग गिळणे, हीच माणसे सांभाळणाऱ्याची क्षांती, हीच त्याची सहनशीलता."