मोठे पान आधी

कोरड्या ओढ्याकाठच्या रानात एक खार राहत असे. स्वभावाने भित्री, पण हिशेबाला चोख. आपल्या शेंगा कुणी चोरून नेईल या धास्तीने तिचा डोळा लागत नसे. म्हणून तिने त्या साळिंदराच्या बिळात ठेवायला दिल्या. रानातले सगळेच लहान जीव तिथे ठेवत. काट्यांच्या त्या पहाऱ्यापुढे चोराची काय बिशाद! शेंगा नेताना बिळाच्या तोंडाशी आपली खूण आणि शेंगांचा आकडा कोरून एक पान तेवढे ठेवायचे. चार-दोन शेंगा नेल्या तर बोरीचे, जास्त नेल्या तर पळसाचे. दिवस मावळताना साळिंदर पाने लावून हिशेब करी. कुणाच्या नावावर शेंगा कमी असल्या तरी तो हसत देई, मात्र अशा दर खेपेला तीन शेंगा दंड लावी.

एके दिवशी खारीच्या नावावर दहा शेंगा होत्या. सकाळीच तिने खळ्यावर वेचलेल्या आणखी सहा आणून दिल्या. झाल्या सोळा. मग आपल्या तीन पिल्लांसाठी तिने सकाळी दोन नेल्या, दुपारी दोन आणि उन्हे कलल्यावर दोन. शेवटी ढोलीचे भाडे म्हणून पोपटाला द्यायला नऊ नेल्या. भाडे थकले असते तर पिल्लांसकट बाहेर पडावे लागले असते ना! दर वेळी तिने जिवाची घालमेल होईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजले. एक शेंग उरत होती. पिल्लांच्या रात्रीच्या घासाला तेवढीच होती.

ती मागायला खार संध्याकाळी बिळाशी गेली. साळिंदर म्हणाला, "शेंग कसली मागता, खारबाई? तुमच्याकडूनच आठ येणं निघतंय. सकाळच्या सहा अजून निवडायच्या आहेत, त्या उद्या जमा होतील. तुमच्या दहातून नऊ गेल्या, राहिली एक. मग दोन-दोनची तीन पानं. तिन्ही वेळा कमी पडलं. तीन त्रिक नऊ दंड. उद्याच्या सहा वळत्या करूनही आठ राहतात. त्या फिटेपर्यंत एकही शेंग मिळायची नाही."

खार घाईने म्हणाली, "पण साळिंदरदादा, नऊ तर मी सगळ्यात शेवटी नेल्या!"

"मोठं पान आधी लावायचं, अशी आमची पद्धत आहे. तुमच्याच सोयीसाठी हो! मोठी नड अडायला नको."

बिचारी गोंधळून गेली. आपलेच काही चुकले असेल, असे तिला वाटू लागले. पिल्ले ढोलीच्या तोंडाशी वाट पाहत असतील या विचाराने तिला रडू फुटायच्या बेतात होते. तिचा चेहरा पाहून साळिंदर मवाळ आवाजात म्हणाला, "बरं, तुम्ही जुन्या आहात. एक दंड माफ. पाचच द्या."

'उपकार झाले' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते, मुलांनो! तेवढ्यात तिची नजर साळिंदराच्या हातातल्या पानांवर गेली. वरचे पळसाचे पान अजून टवटवीत होते. खालच्या तीन बोरीच्या पानांपैकी एक मलूल झाले होते, दुसरे कडेने वळले होते, तर तिसरे पार वाळून गेले होते. कोणते आधी खुडले, हे एखाद्या पिल्लानेही सांगितले असते.

मागे ससा आणि तितर आपापल्या हिशेबासाठी उभे होते. त्यांच्या देखत ती कशीबशी म्हणाली, "दादा, सुकलेलं पान आधी लावा. जे आधी नेलं, ते आधी मोजा."

"लावली तशी, तरी पळसाच्या पानाला कमी पडतंच!" साळिंदराने काटे फुलवले. "तुमच्या सहा शेंगा अजून निवडायच्या आहेत."

"निवडायच्या आहेत?" तितर पुढे आला. "मग दुपारी मला दिल्या त्या कुठल्या? खळ्यावरचा भुसा चिकटला होता त्यांना, आणि खळ्यावर वेचायला या एकट्याच जातात. यांच्या शेंगा दुसऱ्याला वाटायला तयार, आणि यांच्या नावावर धरायला मात्र नाहीत?"

सशाने पुढे होऊन साळिंदरापुढच्या ढिगातून स्वतःची पाने काढली आणि तो ती एकेक करून निरखू लागला. ते पाहून साळिंदराचे काटे हळूहळू खाली बसले. त्याने एक शेंग खारीपुढे ठेवली.

खार ती तोंडात धरून धावत सुटली. शेंगेत तीन दाणे निघाले. ते तिने पिल्लांना एकेक दिले आणि स्वतः उपाशीच निजली. उद्याची काळजी होतीच, पण आपले मोजणे चुकले नव्हते, हे आता तिला ठाऊक होते.

तात्पर्य : आकडे खरे असले, तरी ते कोणत्या क्रमाने मांडले आहेत हे विचारल्याशिवाय दंड भरू नये; आणि दंड माफ झाला, तरी तो मुळात लागला कसा हे विचारल्याशिवाय आभार मानू नयेत.