न कोमेजणारी आमरी

एका राज्यात, जिथे डोंगर ढगांत झोपी जात आणि ढग दऱ्यांतून जागे होत, तिथे वेणुवती नावाची राणी होती. तिचा राजा तापाने गेला. मागे एक मुलगी राहिली, इंदुला. दुधाचे दात पडायच्या वयाची, बडबडी, पायाला घुंगरू नसतानाही जिची चाहूल साऱ्या वाड्याला लागे अशी. एके वर्षी तोच ताप इंदुलेला आला. वैद्य आले, त्यांनी नाडी पाहिली आणि माना खाली घातल्या.

तेव्हा वाऱ्याच्या पाठीवर बसून शंकुकर्ण मांत्रिक अंगणात उतरला.

"राणी, काय हवे?"

"माझी मुलगी आहे अशीच राहू दे."

"अशीच?"

"अशीच. तिला काही होऊ देऊ नकोस."

अंगणातल्या आंब्याच्या फांदीवर एक आमरी होती. आमरी झाडावर बसते, पण झाडाचे काही खात नाही. मुळे हवेत सोडते आणि दव पिते. त्या पहाटे तिला एकच फूल उमलले होते. पांढरे, सायीसारखे, आणि पाठीमागे वीतभर लांब पोकळ नळी. त्या नळीच्या तळाशी मधाचा एक थेंब. शंकुकर्णाने इंदुलेचा श्वास ओंजळीत घेतला आणि फुलात ठेवला.

"हे फूल कोमेजत नाही, तोवर हिला काही होणार नाही," तो म्हणाला आणि वाऱ्यावर बसून निघून गेला.

ताप उतरला. इंदुला उठून बसली. राणीने फुलावर मलमलीची जाळी चढवली. अंगणात धुरी घालून फुलपाखरे, भुंगे, पतंग सारे हाकलून दिले, की एकही किडा त्या पाकळीला शिवू नये. रानातला पाचोळा झाडून काढायची आज्ञा दिली, की त्यात ताप लपून बसू नये.

फूल कोमेजले नाही. पण इंदुलाही वाढली नाही.

तिच्या मैत्रिणी उंच झाल्या. त्यांनी भातुकली सोडली, मग अंगणात येणे सोडले. इंदुला त्याच झग्यात, त्याच दारात, त्यांची वाट पाहत उभी राही. मग जादू हळूहळू पसरू लागली. आधी अंगणातल्या आंब्याचा मोहोर नुसताच गळाला. मग नगरातल्या बागा फुलल्या आणि फळल्या नाहीत. तेरड्याच्या बोंडांना हात लावला तरी ती फुटेनात. रुईची म्हातारी उडेना. शेवटी भाताची शेते फुलोऱ्यावर आली आणि लोंब्या पोकळ निघाल्या. राज्यात सर्वत्र फुलेच फुले होती, सुगंध इतका की डोके जड व्हावे, आणि कोठारे रिकामी होत चालली होती.

राणीने शंकुकर्णाला बोलावले. तो आला, पण जमिनीवर उतरला नाही.

"उलटे कर," राणी म्हणाली.

"मला थांबवता येते. चालू करता येत नाही. ते ज्यांना येते ते रानात आहेत, त्यांच्याकडे जा." एवढे बोलून तो गेला आणि पुन्हा त्या राज्यात कधी दिसला नाही.

राणीने मुकुट उतरवला, इंदुलेला सांगितले, "मी वनविहाराला जाते," आणि एकटी रानात शिरली.

रानाच्या मधोमध एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले होते, आणि एका फटीतून पिवळी चोच बाहेर आलेली होती. ती धनेशी होती. या पक्ष्याची मादी अंडी घालताना स्वतःला ढोलीत कोंडून घेते.

"वेणुवती," धनेशी आतून म्हणाली, "मीही पिलासाठी भिंत लिंपते. पण पिलाला पंख फुटले की ती माझ्याच चोचीने फोडते. तू विसरलीस."

राणी गुडघ्यांवर बसली. "काय करू ते सांग."

"कामे तीन. तुझ्या फुलाच्या नळीइतकी लांब जीभ ज्याची, तो पतंग शोध. त्याच जातीच्या दुसऱ्या फुलाचा पराग त्याच्या कपाळी लागू दे. तो पराग तुझ्या फुलाला पोचला की फूल कोमेजेल, शेंग धरेल. तिच्यातले बी रुजव. फूल कोमेजेल तेव्हा मुलगी निजेल. बी रुजेल तेव्हा जागी होईल."

"आणि नाही रुजले तर?"

चोच आत गेली. ढोलीतून पिलांची कुजबुज तेवढी ऐकू आली.

राणी डोंगरमाथ्यावर गेली. तिथे तिन्हीसांजेच्या उजेडात पतंगांचा दरबार भरत असे. राखाडी, हिरवे, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असलेले असे पतंग कातळावर येऊन बसत. राणीने एकेकाला विचारले. एकेकाने आपली गुंडाळलेली जीभ उलगडून दाखवली. कुणाची बोटाएवढी, कुणाची त्याहून तोकडी. सगळ्यांच्या मागे, कातळाच्या फटीत, एक पतंग पंख मिटून पडला होता. त्याची जीभ उलगडतच गेली, उलगडतच गेली, आणि वीतभर झाली.

"इतकी लांब जीभ कशी झाली तुझी?" राणीने विचारले.

"फुलामुळे," पतंग क्षीण आवाजात म्हणाला. "माझ्या पूर्वजांच्या काळी फुलाची नळी आखूड होती. ज्यांची जीभ जरा लांब, त्यांना तळाचा मध मिळाला; त्यांची पिल्ले जगली. ज्या फुलांची नळी जरा खोल, त्यांत पतंगाला डोके पार आत घालावे लागले, कपाळी पराग लागला. त्यांचे बी धरले. ती खोल होत गेली, आम्ही लांब होत गेलो. किती पिढ्या, ते कुणाला ठाऊक? आता दुसऱ्या कोणत्याच फुलावर माझे पोट भरत नाही. आणि तू माझे फूल जाळीत कोंडलेस."

राणीने शिदोरीतला मध बोटावर घेऊन त्याच्यापुढे धरला. तो प्याला, पंख थरथरले, आणि तो तिच्या खांद्यावर येऊन बसला.

त्या जातीचे दुसरे फूल कुठे आहे ते पतंगाला ठाऊक होते. ते एका घळीत होते, पण ती घळ गांधीलमाश्यांची होती, आणि तो एकटा तिथे जाऊ शकत नव्हता. त्यांचा थवा घळीच्या तोंडाशी सोनेरी धुक्यासारखा घोंगावत होता. आत पाऊल टाकणारे कुणी परत येत नसे. घळीच्या काठावर गवतात लहान लहान आमऱ्या होत्या, झाडावर न बसता जमिनीत रुजलेल्या, तपकिरी, केसाळ, आणि प्रत्येक फूल हुबेहूब गांधीलमाशीसारखे.

"आम्ही यांच्या नवऱ्या आहोत," एक फूल हसून म्हणाले. "म्हणजे, त्यांना तसे वाटते."

"तुम्हाला हे रूप कुणी दिले?"

"त्यांनीच. माझ्या पणजीच्या पणजीच्या फुलावर नुसता एक तपकिरी ठिपका होता. एक नर भुलला, तिच्यावर बसला, पराग घेऊन गेला. तिच्या मुलींत जिचा ठिपका अधिक मोठा, तिच्यावर अधिक नर बसले. असे करता करता ठिपक्याला अंग आले, अंगाला केस आले, शेवटी माशीचा वासही आला. आमच्यात मध नाही, राणी. आम्ही फसवून जगतो."

"तर मग त्यांना क्षणभर भुलवा. मला आत जाऊ द्या."

फूल डुलले. "भुलवू. पण आधी सांग, तू मुलीला काय सांगून आलीस?"

"वनविहाराला जाते म्हणून."

"आम्ही ज्याला फसवतो तो पुढच्या घटकेला उडून जातो. तुझी मुलगी तुझ्याच कुशीत झोपते. परत गेल्यावर तिला खरे सांगशील, असा शब्द दे."

घळीसमोर उभे राहताना राणीला भीती वाटली नव्हती. आता वाटली. तरी तिने शब्द दिला.

गवतातल्या साऱ्या आमऱ्यांनी एकदम गंध सोडला. सोनेरी धुके वळले, खाली उतरले, फुलाफुलावर विसावले. राणी घळीत शिरली. आत ओल्या कातळावर पांढरे फूल चांदण्यासारखे उजळत होते. पतंगाने त्याच्या नळीत जीभ सोडली, डोके आत खुपसले, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर परागाच्या दोन पिवळ्या गाठी टिळ्यासारख्या चिकटल्या होत्या.

वाड्यात परतल्यावर राणी आंब्याखाली बसली. तिने इंदुलेला मांडीवर घेतले आणि सारे सांगितले. ताप, मांत्रिक, श्वास, फूल. जाळी काढली तर काय होईल तेही सांगितले. बी रुजले नाही तर काय होईल ते माहीत नाही, हेही सांगितले.

इंदुलेने जाळीतल्या फुलाकडे पाहिले. मग म्हणाली, "म्हणून माझ्या मैत्रिणी पुढे गेल्या?"

"हो."

"मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं."

राणीने तिला घट्ट धरले.

"आई, तू मला इतकं घट्ट धरलंस तर मी उठणार कशी?" इंदुला म्हणाली. ती मांडीवरून उतरली, आंब्याच्या बुंध्यावर चढली, आणि तिने आपल्या हाताने मलमलीची जाळी सोडली.

तिन्हीसांज झाली होती. पतंग उडाला. तो फुलासमोर हवेतच थांबला, जीभ उलगडली, आणि इतक्या काळाने तो थेंब प्याला. पिवळा टिळा फुलाच्या गळ्याला लागून राहिला. फुलाच्या कडा आधी पिवळ्या झाल्या, मग मऊ, मग पाकळ्या मिटल्या. ज्याची वाट पाहत होते ते आले, आता ताजे राहायचे कारण उरले नव्हते.

इंदुलेला जांभई आली. राणीने तिला उचलून शय्येवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी तेरड्याची बोंडे फुटू लागली. रुईच्या म्हाताऱ्या उडाल्या. पुढे काही दिवसांत शेतांत लोंब्या भरून वाकल्या, घराघरांत नवा भात शिजला, लोक गात राहिले. फक्त वाड्यात कुणी गात नव्हते. इंदुला निजली होती. आंब्यावर फुलामागे हिरवी शेंग फुगत होती. राणी मुलीच्या उशाशी बसून खिडकीतून शेंगेकडे पाही. हिवाळा आला, आणि गेला. एका कोरड्या दुपारी शेंग उकलली आणि आतून धूर निघावा तसे बी निघाले. पिठाहून बारीक, श्वासाहून हलके. वाऱ्याने ते उचलले आणि रानाकडे नेले.

राणी त्यामागे धावली. वर आभाळात तिला धनेशी दिसली. ढोलीची भिंत फुटली होती, आणि तिच्यामागे तिची पिल्ले उडायला शिकत होती.

"या बियांजवळ शिदोरी नाही," धनेशी वरून म्हणाली. "भाताच्या दाण्यात बाळासाठी जेवण असते. आमरीच्या बियांत काहीच नसते. मातीखालच्या पांढरीने, म्हणजे बुरशीने, भरवले तरच त्या रुजतात. तिला विचार."

राणीने ओल्या मातीला कान लावला. मातीत, सालीत, मुळांमुळांतून बुरशीचे पांढरे धागे पसरलेले होते, आणि ते सारे मिळून एका बाईच्या आवाजात बोलत होते.

"आम्ही उपाशी आहोत. तू पाचोळा झाडून नेलास. दुसऱ्याचे मूल कशाने भरवू?"

राणीने कंकणे काढून मातीवर ठेवली.

"सोने कुजत नाही. आम्हाला कुजणारे दे."

राणी वाड्यात परतली. इंदुलेचा पाळणा तिने जपून ठेवला होता, जुन्या लाकडाचा, कडेला मोर कोरलेले. तो तिने पाठीवर घेतला, रानात आणला आणि ओल्या मातीवर आडवा ठेवला. पांढरे धागे वर आले, मोरांच्या मानेवर चढले, आणि पाळणा पहाटेच्या धुक्यासारखा विरत गेला.

"गोड लाकूड आहे," पांढरी म्हणाली. "भरवू आम्ही. पण ते आमच्या पद्धतीने वाढेल, आणि कुठे, ते तुला सांगणार नाही."

राणीने डोळे मिटले. "वाढू दे," ती म्हणाली.

त्याच घटकेला, कोणत्या तरी झाडाच्या कोणत्या तरी फांदीवर, सालीच्या भेगेत, मोहरीहून लहान असा एक हिरवा ठिपका फुगला.

वाड्यात इंदुलेने डोळे उघडले. अंगाला घाम होता, ताप नव्हता. "आई कुठे आहे?" तिने दासीला विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ती उठून रानाच्या वाटेला लागली. अर्ध्या वाटेत मायलेकी भेटल्या. झगा तिला घोट्यापर्यंत पुरेनासा झाला होता.

त्यानंतर त्या राज्यात ऋतू आले तसे गेले, फुले उमलली तशी गळली, आणि इंदुला आईहून उंच झाली. पुढे तीच राणी झाली. वेणुवती म्हातारपणी रानात फिरायला जाई. तिची ती आमरी कुठल्या झाडावर वाढते आहे, हे तिला अखेरपर्यंत कळले नाही. म्हणून तिने त्या रानातले एकही झाड कुणाला तोडू दिले नाही.

ज्यांनी ऐकले त्यांचे रान भरलेले राहो. आमचे सांगणे इथे मिटले.