मोडक्या टोकाचं शिंग

फार जुन्या काळी एका रानात जनावरं उमेदवाराच्या ढोलीत खडे टाकून पाणवठ्याचा राखणदार निवडत. निवडणूक पाच वर्षांनी यायची. मधली सगळी वर्षं कासव यादी घेऊन रानभर फिरायचं. कोण जन्मलं, कोण मेलं, कोण रान सोडून गेलं, ते विचारायचं. निवडणूक नसताना याला एवढं कसलं काम, म्हणून माकडं हसायची.

एकदा कासव हरिणीच्या जाळीपाशी आलं. तिचा काळवीट चरायला गेला, तो तीन महिने परतला नव्हता.

"बाई, नाव खोडू का? तुम्ही सांगितल्याशिवाय मला खोडता येत नाही."

"तो येईल," हरिणी म्हणाली. "पुन्हा विचारायला येऊ नका."

कासव तरीही दरवर्षी यायचं. ती जाळीबाहेर यायचीच नाही.

निवडणुकीला तरस उभं होतं. हरिणीही खडा टाकायला आली होती. कासव एकेक नाव पुकारू लागलं. काळविटाचं नाव येताच मागून आवाज आला, "हजर."

हरिणी गर्रकन वळली. गर्दीतून दोन शिंगं पुढे येत होती. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं होतं, अगदी त्याच्यासारखं. पाठीवर त्याचंच काळं कातडं होतं. आणि शिंगांखाली तरसाचं तोंड होतं.

काळवीट कुठे गेला होता, ते तिला आत्ता कळलं.

"खोडा," ती कशीबशी म्हणाली. "त्याचं नाव खोडा."

कासवानं काडी उचलली. तोवर तरसाच्या ढोलीत खडा पडला होता.