काजळीचं टाकं

शके सोळाशे पंचावन्न, प्रमादी नाम संवत्सर, माघ वद्य. थंडी सरत आली होती आणि ज्वारी खळ्यावर येऊन पडली होती. या टाक्याची गोष्ट तिथून सुरू होते. आधी टाकं नीट बघा. फोटो नंतर काढा.

लांबट आहे. दोन्ही टोकांना उतार आहे, पायरी एकही नाही. पाणी कुठेही गुडघ्याच्या वर जात नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, आजोबा, एवढा कातळ फोडला तर खोल का नाही नेलं? परवा एक जण म्हणाला, खोदणाऱ्याला अक्कल नव्हती. होती. उशिरा आली, पण आली. पुष्कळांना ती येतच नाही. तोच माणूस जाताना या पाण्यात मोटारीची पायपुसणी धुऊन गेला.

हे टाकं माणसासाठी नाही. एका घोडीच्या पायासाठी आहे.

तेव्हा या तांबडखिंडीचा देशमुख रायाजी म्हणून होता. तिशीतला, हट्टी. त्याची काजळी नावाची घोडी होती. भीमथडीची, अंगाने काळी, उंचीने बेताची. त्या माघात खिंडीच्या पलीकडे चकमक झाली. कोणाशी झाली ते कोणी असं सांगतं, कोणी तसं. मला माहीत नाही, म्हणून मी सांगत नाही. रायाजीच्या मांडीत भाला घुसला. बरोबरची माणसं पांगली. त्याने काजळीच्या मानेला मिठी मारली आणि त्याची शुद्ध हरपली.

घोडी एकटीच घाट उतरायला लागली. वरच्या वळणावर तिचा पुढचा डावा पाय दोन धोंड्यांत अडकला. तिने हिसका देऊन तो काढला, तेव्हा नळीमागची शीर फाटली. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं. हाड असतं आणि मागून दोरीसारखी ती शीर असते. सगळा भार तिच्यावर. ती फाटली की घोडा पाय टेकत नाही. काजळी तीन पायांवर घाट उतरली. उतारावर भार पुढच्याच पायांवर येतो, हे ज्याला कळतं त्याला ती काय उतरली हे कळेल. पाठीवरचा माणूस तिने पडू दिला नाही, असं सांगतात. वाड्यापाशी येऊन उभी राहिली. लोकांनी रायाजीला उतरवून घेतलं, तेव्हा ती बसली.

रायाजी वाचला. घोडीचा पायही भरत आला. घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार रखमाजी रोज तिच्या पायावर गार चिखल थापायचा. होळीपर्यंत तिचं लंगडणं गेलं.

इथेच सगळे फसले.

चैत्रात डोंगरावरच्या भैरोबाची पालखी घाट चढते. पालखीपुढे देशमुखाने घोड्यावर बसून जायचं, हा मान. रायाजीला काजळीच हवी होती. जिने जीव वाचवला तिच्यावर बसूनच देवाला जायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. यात वाईट काही नाही. वाईट एवढंच की घोडीला कोणी विचारलं नाही.

आमच्याकडे लंगड्या घोड्याची परीक्षा खळ्यावर व्हायची. सारवलेलं, चोपून टणक केलेलं खळं. त्यावरून घोडा चालवायचा आणि बसलेल्यांनी डोळे मिटून टापा ऐकायच्या. चारी टापा सारख्या वाजल्या की घोडा बरा झाला. बापजाद्यांपासून हीच रीत. रखमाजीने काजळीला खळ्यावरून नेलं, आणलं. नालबंदाने ऐकलं, पाटलाने ऐकलं.

"सारखं वाजतंय," नालबंद म्हणाला.

"माझ्या सासऱ्याच्या चालीपेक्षा सरळ आहे," पाटील म्हणाला. लोक हसले.

रायाजीची आई आऊबाई खळ्याच्या कडेला ज्वारी पाखडत होती. ती उठली, घोडीपाशी वाकली आणि नळीच्या मागून हात फिरवला.

"रायबा, शीर कोमट लागते रे."

"आई, घोडी उन्हात उभी आहे. कोमट लागणारच."

"बाकीचे तीन पाय सावलीत आहेत का?"

रखमाजी म्हणाला, "आऊसाहेब, लंगडत नाही ती. आता दुखण्याला काय शोधून काढायचं?"

म्हातारी परत सुपाशी जाऊन बसली. ती पुढे काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं मला वाटतं. पण तिचंही कोणी ऐकलं नसतं. लंगडणं थांबणं आणि शीर भरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हे आजही सांगून सांगून माझी जीभ झिजली. लग्नाला घोडी आणतात. डांबरावर ताशापुढे नाचवतात. लंगडली की चार दिवस बांधतात आणि पाचव्या दिवशी ती दुसऱ्या नवरदेवाला पाठीवर घेते. मालकाला विचारलं तर म्हणतो, बाबा, चालतेय की.

काजळीही चालत होती.

नवं साल लागलं. त्याचं नाव आनंद संवत्सर. पालखी निघाली. काजळीला झूल घातली, नवे नाल ठोकले. अर्धा घाट ती बरोबर चढली. ज्या वळणावर माघात तिचा पाय अडकला होता, तिथे वाजंत्री जोरात वाजली, घोडी दचकून उसळली आणि पुढच्या पायांवर आदळली. भरत आलेली शीर पुन्हा गेली. या खेपेला जास्त. तिचा खूर पुढून वर उचलला गेला आणि खुरावरचा सांधा जमिनीला टेकला. रायाजी खाली उतरला. उतरल्यावर त्याने पहिल्यांदा त्या शिरेला हात लावला.

ती तापलेली होती.

पालखी पुढे गेली. देव कोणासाठी थांबत नाही. मागे रायाजी, रखमाजी आणि आऊबाई राहिले. रखमाजीने भाला पुढे केला.

"मालक, सोडवा तिला. आता तिचं काही होत नाही."

"खळ्यावर तूच म्हणालास, बरी आहे."

"म्हणालो. आणि मालक, तुम्हाला तेच ऐकायचं होतं."

हे त्याने तोंडावर सांगितलं, असं म्हणतात. रायाजीने भाला घेतला आणि कड्यावरून खाली टाकून दिला. मग तिथेच भैरोबाकडे तोंड करून बोलला, "हिने मला तीन पायांवर घरी आणलं. मी हिला चौथा मोडून दिला. ही आपल्या पायांनी तुझ्या दारी येईल तोवर मी कुठल्याही घोड्यावर बसणार नाही. पागेतल्या नाही, आणि उसन्याही नाही."

"आणि नाही आली तर?" आऊबाईने विचारलं.

"तर मी चालतोच आहे."

पाय बांबूच्या कामट्यांत बांधून तिला पायथ्याशी आणलं. सगळी दुपार त्यात गेली. पायथ्याला कातळातून झरा होता. बारमाही, बर्फासारखा गार. पण करंगळीएवढी धार. गावातल्या बायका तिथे वाटीने पाणी भरायच्या. अशा पायाला गार पाणी लागतं, आणि घोडी त्यात उभी राहावी लागते. घागरीने ओतलेलं पाणी पायावरून निघून जातं. विहिरीत घोडी उतरत नाही. म्हणून रायाजीने कातळ फोडायला घेतला. स्वतः. मांडीच्या जखमेने त्याचा पाय अजून वाकत नव्हता. एक पाय लांब करून बसायचा आणि छिन्नी मारायचा. पागेतली माणसं मदतीला आली तर त्यांना परत पाठवायचा.

गाव चिडलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उन्हाळा होता.

"पोरं तहानेने रडतात आणि देशमुख घोडीला न्हाणीघर बांधतोय," बायका म्हणायच्या.

"खोदायचंच तर खोल खोदा, मालक," पाटील म्हणाला. "दोन पुरुष खोल नेलं तर गाव पाणी पिईल."

"खोल पाण्यात ती उतरणार नाही."

"मग तिला पोहायला शिकवा."

रायाजी ठोकत राहिला. भांडण आऊबाईने मिटवलं. तिने झऱ्याच्या तोंडाशी दगडी पन्हाळ बसवायला लावली. आधी हंडे भरायचे, उरलेलं पाणी टाक्यात. ती पन्हाळ ती बघा. उतार दोन्हीकडून ठेवला, कारण मोडक्या पायाच्या घोड्याला पाण्यात मागे वळता येत नाही. एकीकडून आत जाईल, दुसरीकडून बाहेर पडेल. खोली काजळीच्या गुडघ्याला दोरी लावून घेतली. रखमाजी तिचे नाल काढून खूर तासायचा, टाच उंच राहील असा. रोज सकाळी, रोज संध्याकाळी घोडी पाण्यात. रायाजी शेजारी पाण्यातच उभा असायचा. आषाढात झऱ्याची धार वाढली, तरी टाकं तेवढंच राहिलं.

दसऱ्याला तिचं लंगडणं पुन्हा गेलं.

आणि दसऱ्यालाच सरकारातून बोलावणं आलं. देशमुखाने आपले स्वार घेऊन मुक्कामावर हजर व्हायचं. जो चढ्या घोड्याने येणार नाही त्याची जागा दुसऱ्याला. आता रखमाजीलाच घाई झाली. मालक पायी जाणार, ही लाज त्याला सोसत नव्हती. त्याने काजळीवर खोगीर चढवलं आणि तिला खळ्यावरून फिरवून आणलं. गाव पुन्हा डोळे मिटून बसलं.

"चौघडा वाजावा तशा टापा पडतायत," रखमाजी म्हणाला. "मालक, बसा. देवालाही कळतं, सरकारचं काम आहे."

रायाजीने स्वतः हात फिरवला. मग म्हणाला, "आई, तू हात लाव."

"माझा हात चैत्रातही होता. तेव्हा कोणी विचारलं?"

"आता विचारतो."

म्हातारीने वाकून बघितलं. पुष्कळ वेळ हात काढला नाही. "कोमट नाही," ती म्हणाली. "पण शिरेला गाठ आहे. दाबलं की पाय काढून घेते."

"गाठ राहणारच, आऊसाहेब," रखमाजी कळवळून म्हणाला. "गाठ बघत बसलो तर देशमुखी जाईल."

रायाजीने खोगिराचा पट्टा सोडला. खोगीर उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"हे तिच्या पाठीवरून काढलंय," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाच्या पाठीवर घालायचं नाही. मीच घेतो."

आणि लंगडत निघाला. त्याचे स्वार घोड्यांवर आणि तो त्यांच्या मागे, धुळीत. मुक्कामावर हजेरी घेणाऱ्याने विचारलं, "देशमुख, घोडा कुठे?"

"टाक्यात उभा आहे."

सगळा तळ हसला. देशमुखी राहिली, पण स्वारांचा मान त्या साली दुसऱ्याला गेला आणि रायाजीला बैलांच्या सामानापाशी नेमलं. ते हसणं तो गावात परत आला तेव्हाही संपलं नव्हतं. रखमाजी बरेच दिवस त्याच्याशी नीट बोलला नाही, म्हणे. काजळी मात्र हिवाळाभर पाण्यात उभी राहिली. रायाजीने तिच्या पाठीवर साधी घोंगडीसुद्धा टाकली नाही.

पुढच्या चैत्रात पालखीच्या वेळी त्याने घोडीला पुढे सोडलं. लगाम नाही, दोर नाही, पाठ रिकामी. मागून तो खोगीर डोक्यावर घेऊन. त्याच्या मागे पालखी. वाजंत्री त्याने बंद ठेवली. वरच्या वळणावर काजळी थांबली. दोन धोंडे तिथेच होते. तिने ते हुंगले आणि ती हलेना. उन्हात पालखीचे भोई अवघडले.

"हाका तिला," पाटील म्हणाला. "देव ताटकळलाय."

"ताटकळू दे," रायाजी म्हणाला.

देव थांबला. घोडीने पाय उचलून बघितला, टेकवला, पुन्हा उचलला. मग आपल्या मनाने पुढे निघाली. भैरोबाच्या दारात पोचल्यावर आऊबाई तिच्यापाशी खाली बसली आणि नळीमागून हात फिरवला. पाय तिने काढून घेतला नाही.

"गार आहे," म्हातारी म्हणाली.

आजही चैत्रातल्या पालखीपुढे मोकळ्या पाठीची घोडी चालते. ती थांबली की पालखी थांबते, मग ऊन असो की पाऊस. कोणी हाकत नाही. घाटात आता मोटाररस्ता आहे, तरी देशमुखांच्या घरातला थोरला मागून खोगीर डोक्यावर घेऊन पायीच चढतो. दारात पोचल्यावर घरातली वडीलधारी बाई घोडीच्या पायावरून हात फिरवते. तिने गार म्हटलं तरच थोरला खोगीर उतरवून देवापुढे ठेवतो.

गुरव विचारतो, "कोणाचं देणं?"

"काजळीचं."

"फिटलं?"

"फिटलं."