द्वारकेच्या अहोंची कहाणी

ऐका उंबराबाई, उंबऱ्याच्या देवी, तुमची कहाणी. बायांनो, पाय पोटाशी घ्या, पदर नीट करा, आणि खांबाजवळच्या दोघींनी कुजबुज पुरे करा. देवीला सगळं ऐकू येतं आणि मलाही.

नगर होतं आटपाट. नगरात एक आळी होती. आळीच्या टोकाला एक घर, घरात एक बाई राहत होती. तिचं नाव द्वारका. तिचा नवरा गलबतावर चढून परमुलखी व्यापाराला गेला. जाताना उंबऱ्यात उभा राहिला, ‘येतो’ म्हणाला आणि गेला. मग पाऊस आला आणि सरला. मग थंडी आली आणि सरली. मग गलबतं आली, माल उतरला, माणसं उतरली. नवरा काही उतरला नाही. घरात सासू नाही, सासरा नाही, पोर नाही, बाळ नाही. द्वारका एकटीचा भात शिजवी, एकटीचं ताट वाढी, एकटी जेवी आणि एकटीच ताट उचली.

नवरा गेला त्याच दिवसांत तिच्या दारी एक बोका आला. अंगानं पांढरा, शेपटीचं टोक तेवढं काळं. उंबरा चढला, घरात शिरला आणि थेट नवऱ्याच्या पाटावर जाऊन बसला. शेजारी बयोकाकू राहत होत्या. नवरा वारलेला, घरात कोणी नाही, जीभ तिखट. त्यांनी दारातून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगबाई द्वारके, हे तर तुझे गंगाधरपंतच परत आले की!” झालं. आळीला हसायला कारण मिळालं. त्या दिवसापासून सगळी आळी बोक्याला गंगाधरपंत म्हणू लागली. “गंगाधरपंत, भिंतीवरनं उतरा.” “गंगाधरपंत, आमच्या दह्याला तोंड लावू नका.”

आता पंचाईत आली द्वारकेची. गंगाधर हे तिच्या नवऱ्याचं खरं नाव. नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, असं तिला आईनं सांगितलं होतं, सासूनं सांगितलं होतं, मामेसासूनं सांगितलं होतं. द्वारका इतकी पक्की, की अंघोळीच्या वेळी नद्यांची नावं घेताना पहिली गाळून दुसरीपासून सुरुवात करी. मग ती बोक्याला हाक कशी मारणार? ती त्याला ‘अहो’ म्हणू लागली. “अहो, दूध घ्या.” “अहो, वाळवणावर बसू नका.” “अहो, आज उशीर केलात.” बोक्याला ते मानवलं. ‘अहो’ म्हटलं की तो कुठूनही यायचा. पायात घोटाळायचा, उशाशी निजायचा. घरात एक श्वास होता, त्याचे दोन झाले. हसता काय बायांनो? हसा. पुढे हसायचं नाही.

चैत्राचा महिना आला. द्वारकेनं गौर मांडली, कैरीची डाळ वाटली, पन्हं केलं, आळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. बायका आल्या. सतरंजीच्या मधोमध बोका पसरलेला. द्वारका कामाच्या गडबडीत होती. सवयीनं बोलून गेली, “अहो, सरका जरा, बायकांना बसू द्या.” बायका आधी एकमेकींकडे पाहू लागल्या, मग जे हसू फुटलं ते आवरेना. एक म्हणाली, “द्वारके, तुझ्या अहोंना मिशा काय शोभतात गं!” दुसरी म्हणाली, “निजतात कुठे, पायाशी की उशाशी?” तिसऱ्या बयोकाकू. त्या म्हणाल्या, “हे बरे आहेत हो, दूध दिलं की परत तरी येतात.”

द्वारकेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बायका ओट्या घेऊन गेल्या. मग तिनं काय केलं? बोक्याला उचललं, उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि म्हणाली, “जा. तुम्ही माझे कोणी नव्हेत.” दार लावलं, कडी घातली. बोक्यानं दार खरवडलं. तो ओरडला. मग पुन्हा ओरडला. मग गप्प झाला.

उंबऱ्यावर उभं राहून कोणी कोणाला ‘जा’ म्हणत नाही. शत्रूलाही ‘या’ म्हणतात. उंबराबाईला राग आला. तिनं काय केलं? काही केलं नाही. नुसती मान फिरवली.

सकाळी द्वारकेनं दार उघडलं. बोका नाही. दुधाची वाटी भरली. वाटीवर साय आली, दुपारी दूध नासलं, बोका नाही. मग तिला चैन पडेना. पाट रिकामा, उशी रिकामी. भात शिजवला, तो खाववेना. मग ती उठली, पदर खोचला आणि शोधायला निघाली.

पहिल्या घरी गेली. बाई परसात भांडी घाशीत होती. “बाई, बाई, आमच्याकडचे पाहिलेत का?”

“कोण आमच्याकडचे?”

“हे. आमचे.”

बाईच्या हातातलं भांडं पडलं. “अगबाई! आले? कधी आले?”

“आले कुठे? काल सांजेला गेले.”

“आल्या पावली गेले? काय गं हे! उन्हानं काळवंडले असतील नाही?”

“नाही हो, पांढरेच आहेत. शेपटी तेवढी काळी.”

बाई हसून हसून खाली बसली. द्वारका तशीच फिरली.

दुसऱ्या घरासमोर चौक होता. तिथे उभी राहून तिनं हाक मारली, “अहो! अहो!” विहिरीवर पाणी ओढणारा म्हणाला, “काय गं?” माडीवरून एक म्हणाला, “आलो, आलो.” हजामतीला बसलेला एक अर्ध्या दाढीनिशी उठून उभा राहिला. मग त्यांच्या बायका बाहेर आल्या. एकीनं कमरेवर हात ठेवला, एकीनं नाक मुरडलं, एक म्हणाली, “आमच्या माणसांना हाका मारायचं काय काम गं तुझं?” द्वारका मान खाली घालून निघाली.

तिसरं घर बयोकाकूंचं. बयोकाकूंनी दार अर्धंच उघडलं आणि फटीत अंग धरून उभ्या राहिल्या. द्वारकेनं विचारलं, “काकू, काकू, आमचे पाहिलेत का?” बयोकाकू म्हणाल्या, “मला नाही ठाऊक. नाव घेऊन हाक मार की. बिननावाचं कोण येणार?” आणि दार लावून घेतलं.

द्वारका गावाबाहेरच्या विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. ऊन उतरलं. बायका घागरी भरून गेल्या. कोणी तिला ‘चल’ म्हटलं नाही. तेव्हा तिला रडू कोसळलं.

तिथे एक म्हातारी आली. अंगावर जुनेर, कपाळभर हळदीकुंकू, पाठ मधोमध झिजलेली, जणू सगळं गाव तिच्यावर पाय देऊन गेलं होतं. म्हातारी म्हणाली, “मुली, मुली, का रडतेस?”

“आजी, काय सांगू? माझं मांजर हरवलं.”

“मग हाक मार.”

“नवऱ्याचं नाव आहे त्याचं. हाक मारली तर तिकडे त्यांचं आयुष्य उणं व्हायचं. न मारली तर मांजर जायचं.”

“तिकडे म्हणजे कुठे?”

“ठाऊक नाही.”

“तिकडे त्याला नावानं हाक मारणारं कोणी आहे?”

“ठाऊक नाही.”

“त्याचं नाव तू शेवटचं कधी ऐकलंस?”

द्वारका आठवू लागली. दीर नाही, सासरा नाही, नवऱ्याची चौकशी करणारं कोणी नाही. मग म्हणाली, “आळीतली माणसं मांजराला हाका मारतात, तेव्हाच ऐकते.” मांजर गेलं म्हणजे ते नावही आळीतून गेलं, हे तिच्या ध्यानात आलं. रडू थांबलं. त्याच्या जागी भीती बसली.

म्हातारी म्हणाली, “मी तुला एक वसा सांगते. तो घेशील?” “घेईन.” “सांजेला उंबरा धुवावा, वर हळदीची बोटं ओढावी. दाराची कडी काढून ठेवावी. दुधाची वाटी ठेवावी. मग आळीतल्या दारोदार जावं आणि जे हरवलं त्याचं नाव मोठ्यानं घ्यावं. लाजू नये, थांबू नये, कोणाला ‘जा’ म्हणू नये.”

“आजी, उखाण्यात घेतलं तर चालेल? उखाण्यात बायका घेतात.”

म्हातारी हसली. “चालेल. जितका पुरेल तितका उखाणा पुरव.” द्वारका पाया पडायला वाकली. वर पाहते तो म्हातारी नाही. कोण होती, ते तुम्ही ओळखलंत. द्वारकेनं मात्र घरी जाऊन उंबरा धुतला तेव्हा ओळखलं.

मग तिन्हीसांजेला ती निघाली. पहिल्या दारी गेली. दिवे लागले होते, बायका ओटीवर होत्या. द्वारकेनं हात जोडले आणि म्हणाली,

“दुधाच्या वाटीला साय आली वर,
कुणी पाहिले का हो माझे गंगाधर?”

बायका फिदीफिदी हसल्या. द्वारका थांबली नाही. दुसऱ्या दारी गेली. तिथे म्हणाली,

“निजते मी एकटी, मोठं लागतं घर,
उशाशी येऊन बसायचे गंगाधर.”

तिथे कोणी हसलं नाही. कमरेवर हात ठेवणारीनं हात खाली घेतला. एकीनं दिवा उचलून बाहेर धरला, द्वारकेला वाट दिसावी म्हणून.

मग ती तिसऱ्या दारी गेली. बयोकाकूंचं दार बंद. उखाणा जुळवायला तोंड उघडलं. घर झालं, वर झालं, पदर झाला. काही जुळेना. मग तिनं नुसतंच म्हटलं, “गंगाधर.” आपला आवाज आपल्यालाच परका वाटला. मग पुन्हा म्हटलं, “गंगाधर.” ही हाक बोक्याची राहिली नाही. गलबताकडे तोंड करून उभा असलेला पाठमोरा माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. मग तिसऱ्यांदा ओरडली, “गंगाधर! अहो, कुठे आहात हो तुम्ही?” आणि बंद दाराला डोकं टेकून रडली.

आतून कडी निघाली. बयोकाकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या कडेवर बोका होता.

“घे,” त्या म्हणाल्या. “काल तुझ्या दाराशी ओरडत होता. मी उचलून आणला. सकाळी देणार होते, सकाळी देववेना. झोपेत माझ्या पायाशी काहीतरी हललं गं, ऊब लागली. किती वर्षांनी लागली ते मी सांगू शकत नाही.”

“आणि मला नाव घ्यायला सांगितलंत?”

“तू घेणार नाहीस, हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून सांगितलं.”

द्वारकेला संताप आला. तिनं बोका हिसकून घेतला, छातीशी धरला आणि फिरली. दोन घरांमधला बोळ ओलांडेपर्यंत तोंडात ‘जा’ आलं होतं. वसा आठवला, ते गिळलं. आपल्या दारी पोचली. बोका उतरला, दूध प्यायला, पंजानं तोंड पुसलं. मग द्वारकेनं मागे वळून पाहिलं. बयोकाकू तशाच दारात उभ्या होत्या. कडेवर काही नसताना हात तसाच वाकलेला होता.

द्वारका परत गेली. म्हणाली, “काकू, तुमच्या ह्यांचं नाव काय होतं?”

बयोकाकू म्हणाल्या, “आता काय करायचंय?”

“सांगा ना.”

“मी कधी घेतलंच नाही. जिवंत होते तेव्हा आयुष्यासाठी घेतलं नाही. गेले तेव्हा ते सांभाळायचं कारण उरलं नाही, तर घ्यायची सवयच नव्हती.” त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग पुन्हा हलले. द्वारका उभी राहिली. बोकाही मागोमाग आला आणि दोघींच्या मध्ये बसला. मग ती तिखट जिभेची बाई एवढंसं पोर बोलायला शिकतं तशी म्हणाली, “मोरे... मोरेश्वर.” आणि मटकन उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर कोणी बसत नाही. उंबराबाईनं त्या दिवशी बसू दिलं.

त्या दिवसापासून दोन्ही घरच्या कड्या सांजेला निघू लागल्या. बोका इकडे दूध पिई, तिकडे निजे; तिकडे दूध पिई, इकडे निजे. दोन्ही बायका त्याची वाट पाहत, आणि तो नसला की एकमेकींच्या दारी येऊन विचारत. रोज सांजेला द्वारका उंबऱ्यात उभी राही आणि नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेई. आळीला आधी नवल वाटलं, मग सवय झाली.

नवरा आला का, असं तुम्ही विचाराल. दुसऱ्या कहाण्यांत येतो, सोन्याचे होन घेऊन येतो. ह्या कहाणीत आला नाही. आला असं सांगायला माझी जीभ वळत नाही. तो कुठे बुडाला, की कुठे नांदला, कोणाला कळलं नाही. पण जगात एका दारात त्याला रोज हाक मारली जात होती, एवढं खरं.

जशी उंबराबाई द्वारकेला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. ज्याचं हरवलं त्याचं सापडो. जे सापडायचं नाही, त्याची हाक तोंडात राहो. आता जिला जे नाव घ्यायचं राहिलं आहे, तिनं ते घ्यावं. मोठ्यानं घ्या. कोणी हसणार नाही. मी थांबते.

ही साठां हाकांची कहाणी, पाचां हाकांत सुफळ, संपूर्ण.